सुपर रोबोट वॉर्स ३०: मिशन अडतं तेव्हा काय चुकलेलं असतं आणि कोणत्या क्रमाने खेळायचं

सुपर रोबोट वॉर्स ३० हा वेगवेगळ्या मालिकांतले रोबोट घेऊन आळीपाळीने चाली खेळायचा व्हिडिओ गेम. तो सुरू करणाऱ्या बहुतेकांची गाडी साधारण एकाच जागी अडते. सुरुवातीची मिशनं हसतखेळत निघतात. ड्राइसट्रेगर जहाजावर नवनवे रोबोट येत राहतात आणि आवडीचा प्रत्येक रोबोट थोडाथोडा अपग्रेड केला जातो. मग एका मिशनमध्ये सगळ्यांनी मिळून हाणला तरी बॉसचा निम्मा एचपी (जीव) शिल्लक राहतो, पुढच्या टर्नला आपले तीन-चार रोबोट फुटतात आणि खेळणारा म्हणतो, लेव्हल कमी पडली.

लेव्हल क्वचितच कमी पडलेली असते. पैसा विखुरलेला असतो, स्पिरिट कमांड (पायलटाने स्वतःवर लावायच्या तात्पुरत्या शक्ती) चुकीच्या क्षणी वापरलेल्या असतात आणि शत्रूच्या टर्नचा विचारच झालेला नसतो. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने वाचा. स्टीमवरची इंग्रजी आवृत्ती धरून लिहिलं आहे. खेळातले शब्द पडद्यावर दिसतात तसेच देवनागरीत ठेवले आहेत.

## टप्पा १: मुख्य फळी ठरवा

इंटरमिशनच्या, म्हणजे दोन मिशनांमधल्या तयारीच्या पडद्यावर पहिलं काम पैसे खर्च करण्याचं नाही. आधी आपल्याकडच्या युनिटची यादी उघडा आणि दहा-बारा नावं निवडा. पुढची बरीच मिशनं हीच नावं खेळणार आहेत.

निवडताना प्रत्येक युनिट दोनपैकी कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. एक जात चुकवणाऱ्यांची. झीटा गंडम आणि नायकाचा हकबाइन ३० या जातीतले. त्यांची मोबिलिटी जास्त, चिलखत पातळ आणि सगळी भिस्त मार न लागण्यावर. दुसरी जात सोसणाऱ्यांची. मॅझिंगर झेड, कॉम्बॅटलर व्ही, गाओगायगार ही भारी, जाड चिलखताची मंडळी मार खाऊन उभी राहतात आणि एका फटक्यात मोठं नुकसान करतात.

फळीत दोन्ही जाती हव्यात. त्याशिवाय दुरुस्ती करणारं एखादं युनिट आणि शत्रूचं चिलखत किंवा अचूकता घटवणारं शस्त्र असलेली एक-दोन युनिट घ्या. चिलखत घटवणारा रोबोट स्वतः फारसं नुकसान करत नाही म्हणून लोक त्याला बाकावर बसवतात. बॉसच्या वेळी त्याची किंमत कळते.

पायलटांची संख्याही बघा. कॉम्बॅटलर व्हीमध्ये पाच जण बसतात आणि प्रत्येकाचे एसपी (स्पिरिट कमांडसाठी खर्चायचे गुण) नि स्पिरिट कमांड वेगळे. एकट्या पायलटाला नेम, बचाव आणि दुप्पट मार यांतून निवड करावी लागते, तिथे या रोबोटात तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खिशांतून निघतात. माझ्या मते नवख्या खेळाडूने असं एक तरी युनिट फळीत ठेवावंच.

तपासा: यादीत निदान तीन सोसणारी युनिट आहेत का? नसतील तर पहिल्या मोठ्या हल्ल्यात पुढे उभं राहायला कुणी नसेल.

## टप्पा २: पैसा कुठे घालायचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. प्रत्येक युनिटचे एचपी, ईएन (शस्त्रांना लागणारी ऊर्जा), आर्मर (चिलखत), मोबिलिटी आणि साइट्स (नेम) वेगवेगळे वाढवता येतात. शस्त्रांचं अपग्रेड मात्र त्या युनिटच्या सगळ्या शस्त्रांना एकदम लागू होतं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग, त्यामुळे एकाच गोष्टीला टोकापर्यंत नेण्याआधी दोन-तीन गोष्टी मध्यापर्यंत आणणं परवडतं. पण हे एका युनिटच्या आत. पंगतीत वाढल्यासारखं सगळ्या युनिटना सारखं वाढू नका.

क्रम असा ठेवा:

1. आधी शस्त्रं, तीही तीन-चार युनिटची. बॉसला शेवटचा फटका मारणारे कोण ते ठरवा आणि त्यांची शस्त्रं बाकीच्यांच्या पुढे न्या. शत्रू लवकर फुटला की मारही कमी खावा लागतो.
2. मग बचाव, जातीप्रमाणे. चुकवणाऱ्याला मोबिलिटी, सोसणाऱ्याला आर्मर आणि त्यानंतर एचपी. चुकवणाऱ्याचा आर्मर दोन पायऱ्या वाढवून काहीच साधत नाही. त्याला फटका बसला की तो जवळजवळ गेलाच.
3. साइट्स. सोसणाऱ्या युनिटचा नेम बहुधा कच्चा असतो. तिथे दोन-तीन पायऱ्या टाका, नाहीतर प्रत्येक टर्नला स्ट्राइक (नेम हमखास लावणारी कमांड) वापरून एसपी संपवाल.
4. ईएन शेवटी, आणि ज्याचं मुख्य शस्त्र ईएन खातं त्यालाच. गोळ्या मोजून मिळतात अशा शस्त्रांवर भिस्त असलेल्या युनिटला ईएनचा खर्च फुकट.

हकबाइन ३० वर घातलेला पैसा वाया जात नाही. नायक शेवटपर्यंत सोबत राहतो आणि त्याचा रोबोट पुढे सुधारित रूपात येतो. अगदी सुरुवातीला कुणावर खर्च करावा हे ठरत नसेल तर त्याच्यापासून सुरुवात करा.

एमएक्सपी किंवा पीपी (पायलटांची कौशल्यं घेण्याचे गुण) यांचा या पैशांशी संबंध नाही. एमएक्सपी जहाजाच्या एओएस अपडेटमध्ये जातात. त्यात आधी कमाई वाढवणाऱ्या सुधारणा घ्या, कारण त्यांचा फायदा पुढच्या प्रत्येक मिशनला मिळत राहतो. शेवटच्या टप्प्यात घेतल्या तर वसूल व्हायला मिशनंच उरत नाहीत.

सावधान: नवा रोबोट जहाजावर आला की त्याच इंटरमिशनमध्ये त्याच्यावर पैसे ओतू नका. एक मिशन खेळवून बघा. त्याची रेंज, मोराल (लढताना वाढणारा पायलटाचा जोश) किती झाल्यावर मोठं शस्त्र खुलतं, ईएन किती टिकतं हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

## टप्पा ३: पायलटची कौशल्यं

अपग्रेड यंत्राचं, कौशल्य माणसाचं. युनिट बदललं तरी कौशल्य पायलटाबरोबर जातं. युनिव्हर्सल सेंच्युरीतले गंडम पायलट एकमेकांच्या यंत्रांत बसू शकतात, तेव्हा हे विशेष कामाला येतं.

कौशल्यं भरपूर आहेत, पण सुरुवातीला चारच लक्षात ठेवा. अटॅकर हे कौशल्य मोराल १३० झाल्यावर नुकसान १.२ पट करतं. शेवटचा फटका मारणाऱ्यांना ते पहिल्यांदा द्या. हिट अँड अवे असलेला पायलट जागेवरून हल्ला करून मग सरकू शकतो. लांब पल्ल्याच्या, सरकल्यावर न चालणाऱ्या शस्त्रवाल्यांसाठी हे वरदान आहे. सपोर्ट अटॅक शेजारच्या साथीदाराच्या हल्ल्यात आपला हल्ला जोडतं आणि सपोर्ट डिफेंड त्याच्यावरचा वार स्वतःवर घेतं. ही शेवटची दोन कौशल्यं नकाशावरच्या शेजारच्या घरात उभं असल्याशिवाय चालत नाहीत, म्हणून ती ज्यांना द्याल त्यांची जोडी आधी ठरवा.

तपासा: शेवटचा फटका मारणाऱ्या तीन-चार जणांकडे अटॅकर आहे का? नसेल तर उरलेले पीपी दुसऱ्या कुठेही घालू नका.

## टप्पा ४: मिशन निवडताना

३० मध्ये मिशनं एका रांगेत येत नाहीत. नकाशावरून तुम्हीच निवडता. मुख्य कथा पुढे नेणारी मिशनं वेगळी दाखवलेली असतात आणि बाकीची त्यांच्या आजूबाजूला असतात. घाईतला खेळाडू मुख्य मिशनांचा धडाका लावतो आणि मग माणसं कमी पडतात. नवे पायलट, नवी युनिट, जुन्या रोबोटची सुधारित रूपं यांतलं बरंच काही बाजूच्या मिशनांतून मिळतं. मुख्य मिशन उघडण्याआधी नकाशावर काय शिल्लक आहे ते एकदा फिरून बघा.

ऑटो बॅटलची सोय आहे. पैसे आणि अनुभव मिळवण्यासाठीच्या सोप्या मिशनला ती वापरा. बॉसच्या मिशनला वापरू नका, कारण पुढच्या तीन टप्प्यांत जे सांगितलं आहे ते ऑटो करत नाही.

## टप्पा ५: मैदानात उतरण्याआधी

मिशनची जिंकण्याची आणि हरण्याची अट वाचा. मधल्या एखाद्या घटनेनंतर अट बदलते, तेव्हा पुन्हा वाचा. जहाज फुटलं की हार ही अट इतक्या वेळा असते की ड्राइसट्रेगरला कधीच एकटं पुढे पाठवू नये.

मग भूभाग बघा. प्रत्येक युनिटला हवा, जमीन, पाणी आणि अंतराळ यांसाठी एस, ए, बी, सी असे दर्जे असतात. अंतराळात सी असलेला रोबोट तिथे नेला तर सगळं अपग्रेड पाण्यात जातं. उडता येणाऱ्याला हवेत ठेवायचं की जमिनीवर, हेही दर्जा बघूनच ठरवा. दर्जा सुधारणारे पार्ट असतील तर मिशन निवडल्यावर, मैदानात उतरण्याआधी अडकवा. पार्ट काढघाल करायला काही खर्च येत नाही, तरी लोक एकदा लावलेला पार्ट शेवटपर्यंत काढत नाहीत.

सावधान: समोर पाच शत्रू दिसतात म्हणून पाचच असतील असं धरू नका. या मालिकेत मध्यावर शत्रूची दुसरी तुकडी येणं नेहमीचंच, आणि बॉस बहुधा तिच्यासोबत येतो. तुमची फळी नकाशाच्या एका कोपऱ्यात आणि तो दुसऱ्या कोपऱ्यात, असं झालं की जहाज उघडं पडतं. दोन-तीन युनिट कायम जहाजाच्या आसपास ठेवा.

## टप्पा ६: आपल्या टर्नमधला क्रम

बहुतेक जण यादीत ज्याचं नाव वर त्याला आधी हलवतात. त्याऐवजी हा क्रम पाळा.

1. टर्न सुरू होताच सेव्ह करा. आपल्या टर्नमध्ये कधीही सेव्ह करता येतं.
2. ज्यांची शस्त्रं सरकल्यावर चालत नाहीत त्यांना आधी वापरा. शस्त्राच्या यादीत पी हे चिन्ह असेल तर सरकून हल्ला करता येतो, नसेल तर जागेवरूनच करावा लागतो. मोठी शस्त्रं बरीचशी बिनपीची असतात. एकदा सरकलात की ती त्या टर्नपुरती गेली.
3. चिलखत किंवा मोबिलिटी घटवणारे वार आता करा. त्याचा फायदा मागून येणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. शेवटी केला तर तो जवळजवळ वाया जातो.
4. मग मधल्या ताकदीचे हल्ले.
5. शेवटचा फटका ज्याला पैसे, अनुभव किंवा मोराल हवं आहे त्याला मारू द्या.

पाचव्या मुद्द्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मागे पडलेल्या पायलटाने आपल्यापेक्षा वरच्या लेव्हलचा शत्रू फोडला तर अनुभव भरघोस मिळतो आणि तो एका मिशनमध्ये बरोबरीला येतो. पुढे असलेल्याने तोच शत्रू फोडला तर त्याला त्यातून फारसं काही मिळत नाही. त्यामुळे जोरदार रोबोटने शत्रू अर्धमेला करायचा आणि मागे पडलेल्याने संपवायचा, ही सवय लावून घ्या.

लक या कमांडने पैसे दुप्पट होतात, पण ती शत्रू फोडणाऱ्यावर लागलेली हवी. ज्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं त्याच्यावर असून उपयोग नाही. तीच गोष्ट गेनची, फक्त तिथे अनुभव दुप्पट होतो. मॅप शस्त्र (एकाच वेळी अनेक घरांवर पडणारं) असेल तर लक लावून ते चार-पाच अर्धमेल्या शत्रूंवर एकदम टाका. फुटलेल्या प्रत्येकाचे पैसे दुप्पट मिळतात, आणि मॅप हल्ल्याला शत्रू उलटा वार करू शकत नाही.

मोरालवरही नजर ठेवा. ते १०० वर सुरू होतं, मोठी शस्त्रं १२० किंवा १३० ला खुलतात. ज्याला बॉसवर सोडायचं आहे त्याला आधी लहान शत्रू खाऊ घाला. बॉस आला तेव्हा तो १०८ वर असेल तर त्याची शस्त्रं असून नसल्यासारखी.

एक्सएक्शन नावाच्या खास चाली खुल्या झाल्यावर मल्टी अॅक्शनने शत्रू फोडल्यावर लगेच आणखी एक चाल मिळते. ती किरकोळ शत्रूवर उधळू नका. पुढची चाल कुठे लागणार हे आधी ठरलेलं असेल तरच घ्या.

## टप्पा ७: शत्रूचा टर्न

हा खेळ निम्म्याहून अधिक शत्रूच्या टर्नमध्ये जिंकला जातो. आपल्या टर्नला एक युनिट एकदाच हल्ला करतं. शत्रूच्या टर्नला आठ जण त्याच्यावर आले तर ते आठ वेळा उलटा वार करतं. म्हणून टर्न संपवण्याआधी विचारायचं ते एवढंच: शत्रू कोणाकडे जाणार, आणि तो तिथे तयार आहे का?

चुकवणारं युनिट पुढे ठेवलं आहे आणि शत्रूचा नेम १५ टक्के दिसतो आहे असं धरा. आकडा लहान वाटतो. पण आठ जणांनी प्रत्येकी १५ टक्क्याने हल्ला केला तर निदान एक फटका बसण्याची शक्यता ७३ टक्क्यांच्या आसपास जाते. चिलखत पातळ असलेल्याला तेवढा पुरतो. फोकस ही कमांड लावली की शत्रूचा नेम ३० ने उतरतो आणि तोच १५ टक्के शून्यावर येतो. मोजके एसपी खर्चून तुम्ही आठही हल्ले बाद केलेत. चुकवणाऱ्याला पुढे पाठवायचं तर फोकस लावूनच पाठवा.

सोसणाऱ्याचं गणित वेगळं. त्याच्यावर वॉल (लागणारा मार कमी करणारी कमांड) लावा आणि त्याला गर्दीच्या तोंडावर उभं करा. वॉल टर्नभर टिकते, म्हणून शत्रू खूप असतील तिथे तीच हवी. पर्सिस्ट एका फटक्यापुरतीच, पण त्या फटक्याचा मार खूपच कमी करते. अलर्टही एकच हल्ला चुकवते, पण खात्रीने. या दोन्ही बॉसच्या एकमेव मोठ्या वारासाठी राखून ठेवा. आठ किरकोळ शत्रूंसमोर अलर्ट लावणं म्हणजे पहिल्याच गोळीवर ती संपवणं.

उलट्या वाराच्या वेळी प्रत्येक हल्ल्याला हल्ला, बचाव किंवा हुलकावणी यांतून निवड करता येते. घाईत सगळीकडे हल्लाच निवडला जातो. एचपी कमी असेल आणि समोरचा वार मोठा असेल तर बचाव निवडा. उलटा वार गेला तरी चालेल, पुढच्या टर्नला युनिट हवं.

तपासा: टर्न संपवण्याआधी पुढच्या प्रत्येक युनिटचं ईएन आणि गोळ्या बघा. ईएन संपलेला रोबोट शत्रूच्या गराड्यात उभा राहिला तर आठ हल्ले झेलूनही एकदाही उलटा वार करत नाही. वेळेत जहाजात चढवा किंवा पुरवठा करणाऱ्याला जवळ न्या.

## टप्पा ८: बॉस

बॉसला लचके तोडत मारू नका. दोन-तीन टर्न लांबला तर त्याचे वार तुमची फळी कापत जातात, आणि एचपी घटेल तसं काही बॉस जास्तच चिवट होतात. आधी बाकीचे शत्रू साफ करा, मोराल वाढवा, एसपी राखा आणि मग बहुतेक सगळं एका टर्नमध्ये ओता.

काही बॉस एचपी ठरावीक पातळीखाली गेला की निघून जातात. फोडला नाही तर त्याचे पैसे आणि पार्ट हातचे जातात. अशा वेळी गणित करावं लागतं. समजा बॉसचा एचपी ६०,००० आहे आणि १५,००० च्या खाली गेला की तो पळतो. तुमच्या सगळ्यात जोरदार रोबोटचा साधा वार ११,००० चा. व्हॅलर लावली की नुकसान दुप्पट होतं, म्हणजे २२,०००. तर बाकीच्यांनी त्याला १५,००० ते २२,००० च्या दरम्यान आणून सोडायचं, त्याखाली नाही. १९,००० वर आला की थांबा आणि शेवटच्याला पाठवा.

त्या शेवटच्या रोबोटवर तीन गोष्टी लागलेल्या हव्यात: स्ट्राइक, व्हॅलर आणि लक. स्ट्राइक विसरणं ही इथली नेहमीची चूक. नेम ७० टक्के दिसतो म्हणून लोक धोका पत्करतात. ७० टक्क्यांचे तीन हल्ले ओळीने लागण्याची शक्यता ३४ टक्केच असते. बॉसवरच्या प्रत्येक महत्त्वाच्या वाराला स्ट्राइक हवीच.

बॉसभोवती ढाल असेल तर ती कशा प्रकारच्या हल्ल्याला अडवते ते त्याच्या माहितीच्या पानावर बघा. बीम अडवणाऱ्या ढालीवर बीम मारत राहणं व्यर्थ. ढाल भेदणारं शस्त्र किंवा मुष्टी-तलवारीचा रोबोट पुढे आणा. आकारही बघा. लहान यंत्राचा मार प्रचंड बॉसवर कमी बसतो, आणि आकाराचा फरक पुसून टाकणारं शस्त्र किंवा कौशल्य असेल तर तिथेच वापरावं.

सावधान: व्हॅलर लावल्यावर हल्ला न करता टर्न संपवू नका, आणि ती लावण्याआधी रेंज तपासा. व्हॅलर लागली, एसपी गेले आणि बॉस एक घर लांब, हा प्रकार फार वेळा होतो.

## टप्पा ९: हरलात तर

मिशनच्या सुरुवातीची सेव्ह लगेच उघडू नका. कुठल्या टर्नला गणित बिघडलं ते आधी शोधा. चुकवणारा फुटला असेल तर फोकसचा प्रश्न. बॉस पळाला असेल तर शेवटच्या फटक्याचं माप चुकलं. दुसऱ्या तुकडीने जहाज फोडलं असेल तर मांडणी चुकली. या तिन्हींचा इलाज त्याच मिशनमध्ये, नव्या अपग्रेडशिवाय होतो.

बॉसचा एचपी तुमच्या एका टर्नच्या एकूण माराच्या दुपटीहून जास्त उरत असेल तरच इंटरमिशनला परत जा. एखादं पैशांचं मिशन ऑटोवर खेळा आणि मिळालेलं सगळं शेवटचा फटका मारणाऱ्या दोघांच्या शस्त्रांवर घाला. त्यासाठी मिशन सुरू करण्याआधीची एक सेव्ह नेहमी वेगळ्या जागी असू द्या, आणि टर्नागणिक करायची सेव्ह दुसऱ्या जागी.